एक्केचाळीस

गॅस बंद केला होता की नाही,
यावर प्रेस्टनपासूनचे पहिले नऊ मैल गेले.
अच्युत म्हणे, मीच केला, माझ्या हातानं.
उरलेले अकरा मैल कुणीच काही बोललं नाही.

गावाच्या तोंडाशी मेंढ्यांच्या कुरणात
गाडी लावायचे दोन पौंड.
पिवळ्या जाकिटातल्या पोरानं हातात कागद ठेवला:
पेन्सिलीनं काढलेली नदी, चर्च,
आज लोकांसाठी उघडलेल्या सात बागा
आणि चाळीस बुजगावणी.
प्रत्येकाला नंबर. शेवटी एकाला मत द्यायचं.

पहिला पोस्टमन, पेंढ्याचा.
मग नवरी, तोंडाला उशीचा अभ्रा.
मग दाताचा डॉक्टर, आणि खुर्चीत आ वासलेला पेशंट,
तोही पेंढ्याचाच.
"आपल्याकडे मडक्याला चुन्यानं डोळे काढले
की भागायचं," अच्युत म्हणाला,
"इथं बघ, बुटांना पॉलिश आहे."
म्हणजे मौन सुटलं होतं.
आमच्या वावरातलं मडकं बाबांचा जुना सदरा घालायचं.
बाबा गेले त्या वर्षी एकदा लांबून
मी त्याला हाक मारली होती.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.
तिथंही नाही सांगितलं.

तिसऱ्या बागेत ट्यूलिप,
तपासणीला साहेब येणार असल्यासारखे ताठ.
पाचवीत मिसेस हॅलिवेल, ऐंशीच्या पुढच्या, गमबुटात.
रूबार्बचा एक देठ मोडून म्हणाल्या, चाखून बघा.
काय आंबट!
चुका, अंबाडी, चिंचेचा कोवळा पाला,
जीभ एका दमात सगळी मंडई फिरून आली.
याची डाळ होईल, मी म्हणाले.
त्यांनी वही आणली, चष्मा शोधला,
डाळ, मोहरी, हळद, सगळं लिहून घेतलं.
'फोडणी'पाशी मात्र आम्ही दोघी अडलो.
शेवटी मी तोंडानं चर्र आवाज काढला,
तो त्यांनी तसाच्या तसा लिहिला.

मग आभाळ फिरलं. पाच मिनिटं गारा,
ब्रास बँडवाले तुताऱ्यांसकट चहाच्या तंबूत,
आणि पुन्हा ऊन, जसं काही झालंच नाही.

चर्चच्या भिंतीपाशी बाकावर बसून
आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.
त्याच्या डोक्यात माकडटोपी, वर हॅट.
माझ्या साडीवर त्याचा लेलंडच्या कारखान्यातला कोट,
बाह्या बोटांच्या खाली गेलेल्या.
बोलणं संपलं होतं, किंवा गॅसपाशी येऊन थांबलं होतं.
दोघंही समोर बघत राहिलो.

एक मुलगी आली. सहाएक वर्षांची, हातात कागद.
आधी बाकाखाली वाकून पाहिलं,
मग अच्युतच्या हातमोज्याला बोट लावलं.
"डॅडी, ह्यांचा नंबर कुठंय?"

अच्युतनं पापणी हलवली नाही.
डॉक्टरपुढं दोन मिनिटं गप्प न बसणारा हा माणूस
श्वासही सोडेना.
त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमत होता,
तो पडायच्या आत मीच फुटले.

पोरगी किंचाळली. बाप लाल झाला,
सॉरी, सॉरी, पुन्हा सॉरी,
जरा जास्तच वेळ, जरा जास्तच वाकून,
तेव्हा कुठं मला कळलं
की यात वाईट वाटण्यासारखंही काही असू शकतं.
अच्युत त्याच्याकडे बघतच नव्हता.
मुलीकडे झुकून गंभीरपणे म्हणाला,
"एक्केचाळीस. आम्ही दोघं मिळून एक."
तिनं जीभ बाहेर काढून
कागदाच्या तळाशी चौकोन काढला, आकडा लिहिला.

मत मी दाताच्या डॉक्टरला दिलं.
अच्युतनं कुणाला दिलं,
चिठ्ठी हातानं झाकून घेतली, कळलं नाही.

घरी आलो तेव्हा साडेसात, अजून उजेड.
मी डिकीतून रूबार्बची जुडी काढेपर्यंत
तो बूटही न काढता आत गेला.
"बंदच होता," आतूनच ओरडला, फारच लगेच.
मी जुडी ओट्यावर ठेवली.
स्वयंपाकघर जरा जास्तच उबदार होतं.